चवथीच्या भरल्या घरातला एकाकीपणा

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरात तीस-पस्तीस माणसं जमतात. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला काका आणि भाऊ, नेवऱ्या तळायला सगळ्या काकू-वहिन्या, अंगणात पोरांचा गोंधळ. गेल्या चवथीला आरती चालू होती तेव्हा आत्या मागच्या खोलीत खाटेवर बसली होती, तोंड भिंतीकडे करून. वय ७२. चाळीसेक वर्षांपासून तिला बायपोलरचा आजार आहे, ज्यात मन कधी टोकाचं चढतं, कधी टोकाचं खचतं. गोळ्या नेमाने चालू आहेत, आजार आटोक्यात आहे. माझा चुलतभाऊ कळवळून म्हणाला, "अख्खं घर भरलंय, मग हिला एकटं वाटायला झालं काय?"

त्याला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

मराठीत यासाठी तीन शब्द आहेत आणि तिन्ही वेगळे आहेत. एकांत आपण मागून घेतो. एकटेपणा बाहेरून दिसतो, घरात माणसं किती ते मोजलं की झालं. एकाकीपणा मात्र ज्याचा त्यालाच कळतो. मानसशास्त्रात त्याची जी व्याख्या आज चालते ती १९८१ मध्ये पर्लमन आणि पेप्लाऊ यांनी मांडली: हवी तशी नाती आणि प्रत्यक्षात मिळणारी नाती यांच्यातली तफावत. म्हणजे तीस माणसांच्या घरातही माणूस एकाकी असू शकतो, आणि मांडवीच्या काठी एकटा गळ टाकून बसलेला म्हातारा अजिबात एकाकी नसू शकतो.

याचा मला आवडणारा पुरावा अमेरिकेतल्या दक्षिण डाकोटामधला आहे. तिथे हटराइट नावाचा पंथ आहे. त्यांची जमीन सामाईक, जेवण एकत्र, एकटं राहणारं जवळपास कुणी नाही. संशोधकांनी त्यांच्यातल्या लोकांच्या मनगटाला झोपेतली हालचाल मोजणारं यंत्र बांधलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: ज्यांना जास्त एकाकी वाटत होतं, त्यांची झोप जास्त तुटक होती. झोपेचे एकूण तास कमी नव्हते. झोप मध्ये मध्ये तुटत होती, एवढंच.

ती का तुटते? कळपातून सुटलेलं जनावर रात्री कसं झोपत असेल याचा विचार करा. कान उभे ठेवून. शिकागोचे मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी आयुष्यातली बरीच वर्षं या एका कल्पनेवर घालवली. त्यांचं म्हणणं असं की भूक, तहान, वेदना यांसारखाच एकाकीपणा हाही शरीराचा इशारा आहे. भूक अन्नाकडे ढकलते, तसा हा माणसांकडे ढकलतो. २०२० मध्ये एमआयटीतल्या एका प्रयोगात ४० जणांना एका दिवशी दहा तास माणसांपासून तोडून ठेवलं आणि दुसऱ्या एका दिवशी दहा तास उपाशी ठेवलं. उपाशी माणसाला जेवणाचं चित्र दाखवल्यावर मध्यमेंदूचा जो भाग उजळत होता, तोच भाग एकट्या ठेवलेल्या माणसाला लोकांची चित्रं दाखवल्यावर उजळला.

इथवर सरळ आहे. गुंता पुढे आहे, आणि खरं विज्ञानही तिथेच आहे. भूक लागलेला माणूस अन्नापासून पळत नाही. एकाकी माणूस मात्र माणसांकडे ओढलाही जातो आणि त्यांच्यापासून सावधही होतो. कळपाबाहेरच्या जनावराला दुसरं जनावर सोबती ठरेल की वैरी, हे ठाऊक नसतं. म्हणून त्याचा मेंदू धोका शोधत राहतो.

मेंदू आधी अंदाज बांधतो आणि मग पाहतो. डोळ्यांत-कानांत येणारी माहिती बहुतेक वेळा अर्धवटच असते. अर्धा वळलेला चेहरा, स्वयंपाकघरातून आलेलं हसू, न उचललेला फोन. उरलेला भाग मेंदू आपल्या अंदाजाने भरतो. सावध झालेल्या मेंदूचा अंदाज ठरलेला असतो: हे मला टाळताहेत. त्या दिवशी माझ्या दोन वहिन्या नारळ खवताना कशावरून तरी हसल्या. आत्या तेव्हा दारात होती. ती परत फिरली. तिला वाटलं, हसल्या त्या तिच्यावर. मग तिचा चेहरा पडला, तो पाहून वहिन्यांना वाटलं आज हिचं बिनसलंय, जाऊ नये जवळ. कुणी जवळ गेलं नाही, आणि आत्याचा अंदाज खरा ठरला. या चक्राला बाहेरून कुणी ढकलावं लागत नाही. ते आपलं आपण फिरतं.

आता याच्यावर म्हातारपण ठेवा. आत्याला डाव्या कानाने फारसं ऐकू येत नाही. कमी ऐकणाऱ्याला वाक्य अर्धंच मिळतं, म्हणजे अंदाजाने भरायची जागा आणखी वाढली. नवरा गेला, बरोबरीच्या मैत्रिणी एकेक करून गेल्या. आणि त्यावर मानसिक आजार ठेवा. ज्याला आयुष्यभर 'वेडी' म्हणून हाक ऐकावी लागली, लग्नसमारंभात ज्याला कोपऱ्यात बसवलं गेलं, त्याचा अंदाज हवेतून आलेला नसतो. तो अनुभवातून शिकलेला असतो. म्हणून "उगाच मनाला लावून घेतेस" या वाक्याचा अशा माणसावर काडीचा परिणाम होत नाही.

हे सगळं रक्तापर्यंत पोचतं. अमेरिकेतले संशोधक स्टीव्ह कोल यांच्या गटाने २००७ मध्ये १४ जणांच्या पांढऱ्या पेशी तपासल्या, त्यांतले काही वर्षानुवर्षं एकाकी असलेले. या एकाकी लोकांच्या पेशींत इतरांच्या मानाने २०९ जनुकांचं काम बदललेलं दिसलं. दाह वाढवणारी जनुकं जास्त जागी, विषाणूंशी लढणारी काही जनुकं मंद. कारण बारकाईने पाहण्यासारखं आहे. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दाहाला आवर घालतं. ते पेशीतल्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतं, आणि तो ग्राहक एनएफ-कप्पा-बी नावाच्या दाहाच्या कळीला दाबून धरतो. एकाकी माणसांच्या रक्तात कॉर्टिसॉल कमी नव्हतं, पण पेशी त्याचं ऐकेनाशा झाल्यासारख्या वागत होत्या. हाक येते आहे, ऐकणारा कंटाळून बहिरा झाला आहे. चौदा माणसं म्हणजे फारच थोडी, पण पुढच्या अभ्यासांतही हीच दिशा दिसत राहिली.

मग उपाय काय? चुलतभावाचा उपाय होता माणसांत बसवण्याचा. शिकागोच्याच मासी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तोवर झालेले उपायांचे अभ्यास एकत्र करून चार तऱ्हांची तुलना केली: बोलण्या-वागण्याची कौशल्यं शिकवणं, आधार वाढवणं, भेटीगाठी वाढवणं, आणि माणसांबद्दलचे हे सावध अंदाज तपासायला शिकवणं. काटेकोर चाचण्यांत चौथ्याचा परिणाम सर्वांत मोठा निघाला. नुसत्या भेटीगाठींनी अंदाज बदलत नाही. अंदाज चुकला, आणि चुकलेला आपल्याला दिसला, तरच मेंदू तो बदलतो.

गटोपचाराचं, म्हणजे रुग्णांना गटात बसवून बोलण्यातून होणाऱ्या उपचाराचं, काम नेमकं इथे आहे. त्याची सुरुवात मनोरुग्णांपासून झालीच नाही. १९०५ मध्ये बोस्टनच्या जोसेफ प्रॅट या डॉक्टरांनी गरीब क्षयरोग्यांचे आठवड्याचे वर्ग सुरू केले ते पथ्यपाणी शिकवायला. रुग्ण एकमेकांमुळे सावरताहेत हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अर्व्हिन यालोम यांनी गटात माणूस कशाने सुधारतो याचे अकरा घटक मांडले. त्यांतले दोन मला फार महत्त्वाचे वाटतात: 'हे माझ्या एकटीचंच नाही' हे कळणं, आणि आपण दुसऱ्याच्या उपयोगी पडतो हे कळणं.

चवथीनंतर आत्याला एका इस्पितळातल्या अशा गटात नेऊ लागलो. दर गुरुवारी, तीच खोली, तीच वेळ, सात खुर्च्या गोलात, शिवाय चालवणारे दोघे. खोलीतला पंखा हळू, कारण पंख्याच्या आवाजात म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही. पहिला नियम, इथलं बोलणं इथेच राहील. पुढचं मी लिहितो आहे ते तिच्या आणि गटातल्या एका गृहस्थांच्या परवानगीने.

चौथ्या गुरुवारी ते गृहस्थ म्हणाले की बसमध्ये कुणी हसलं की आपल्यालाच हसले असं वाटतं, म्हणून ते एक थांबा आधी उतरून चालत येतात. आत्याच्या तोंडून निघालं, "तुम्हालासुद्धा?" चालवणाऱ्या बाईंनी विषय तिथेच सोडला नाही. त्यांनी विचारलं, "आत्ता, या खोलीत, कोण काय विचार करत असेल असं वाटतं तुम्हाला?" गृहस्थ खाली बघत म्हणाले, "या बाई मला घाबरल्या असतील. तोंड वाकडं करून बघत होत्या." आत्या पुढे सरकली. "मी? अहो, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजवा कान तुमच्याकडे करत होते."

पुढच्या गुरुवारी ते तिच्या उजव्या बाजूच्या खुर्चीवर बसले.

आत्याच्या त्या कानाच्या वाक्याने जे केलं ते आमच्या तीस माणसांच्या घराला जमलं नव्हतं. घरात अंदाज कुणी बोलूनच दाखवत नाही, मग तो तपासणार कोण? तिथे तो बोलला गेला, ज्याच्याबद्दल होता त्याच्यासमोर, आणि खोटा ठरला. असं पुन्हा पुन्हा व्हावं लागतं. म्हणून आठवड्याला एक बैठक, आणि अशा दहा-बारा तरी. आजार ऐन भरात असलेल्या माणसाला मात्र आधी औषधाने स्थिर करूनच गटात आणतात. गट हा गोळ्यांना पर्याय नाही.

फिनलंडमध्ये याची मोठी चाचणी झाली. पंचाहत्तरी ओलांडलेले २३५ एकाकी लोक, सात-आठ जणांचे गट, १२ बैठका. एकाकीपणाच्या मोजपट्टीवर गटात गेलेल्या आणि न गेलेल्यांत फरक पडला नाही. पण वर्षभरात नवे मित्र जोडणारे ४५ टक्के विरुद्ध ३२ टक्के, आणि दोन वर्षांनी हयात असलेले ९७ टक्के विरुद्ध ९० टक्के. मोजपट्टीचा निकाल झाकून फक्त शेवटचा आकडा सांगणं सोपं आहे, पण तसं सांगू नये. 'एकाकीपणा म्हणजे रोज १५ सिगारेटी' हे वाक्य असंच व्हॉट्सॲपवर फिरतं. ते ज्या २०१० च्या अभ्यासावरून निघालं त्यात १४८ अभ्यासांची बेरीज होती, आणि मोजली होती ती एकूण सामाजिक नाती. एकाकीपणा हा त्यातला एक तुकडा.

दुसरी गोष्ट सांगताना मला आजही राग येतो. आत्याचा आजार सुरू झाला तेव्हा घरच्यांनी आठ महिने तिला घाडीकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, फिरवलं. देवचाराची बाधा, नारळ, कोंबडा, सगळं झालं. त्या आठ महिन्यांत ती धड झोपली नाही की धड जेवली नाही. आजही असं करणारी घरं आपल्या गावांत आहेत. देवाला नमस्कार करा, पण रुग्णाला डॉक्टरांकडे न्या.

आपल्या गोव्यात हे जमण्यासारखं आहे, आणि गरजही आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यातले ११.२ टक्के लोक साठीच्या पुढचे होते, देशात ८.६ टक्के. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेली संगात ही मानसिक आरोग्याची संस्था आणि गोमेकॉचे (गोवा मेडिकल कॉलेजचे) डॉ. अमित डायस यांच्या कामातून इथल्याच १८१ ज्येष्ठांवर एक चाचणी झाली. नैराश्याच्या उंबरठ्यावरच्या या लोकांशी तज्ज्ञ नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक बोलले. अडचण सोडवायची रीत शिकवली, झोप आणि मधुमेहासारख्या आजारांची काळजी शिकवली. २०१९ मध्ये निकाल आला. वर्षभरात पूर्ण नैराश्य आलं ते ४.४ टक्क्यांना, नेहमीच्या उपचारातल्या गटात १४.४ टक्क्यांना. हे एकेकट्याशी बोलणं होतं, गटात नव्हे. पण मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे नाहीत म्हणून काही करता येत नाही, हे कारण यापुढे चालू नये. प्रत्येक तालुक्याच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक तास, आठ खुर्च्या आणि दोन प्रशिक्षित माणसं एवढंच मागणं आहे. तोवर निदान फोनवर बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट आणि दिवसरात्र.

मे महिन्यात गटातल्या एका बाईंनी सांगितलं की त्यांची सोलं काळी पडत नाहीत. आत्याने दोन बैठकी तोच विषय लावून धरला. रातांब्याची साल नुसती वाळवून चालत नाही, तिच्याच मीठ घातलेल्या रसात बुडवून परत उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा घालायची. घरात गेली दहा वर्षं आम्ही सोलं बाजारातून आणतो. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

फिनलंडच्या गटांत बैठका संपल्यावर लोकांनी आपले आपण भेटत राहावं असा हेतू ठेवलेला असतो. आत्याच्या बैठका जूनमध्ये संपल्या. आता गुरुवारी सकाळी सोलांवाल्या बाईंचा फोन येतो. आत्या तो उजव्या कानाला लावते आणि मागच्या खोलीतून बाहेर सोप्यावर येते, कारण आत रेंज येत नाही.