छिटमहल

चहूबाजूंनी एका देशाने वेढलेले, पण मालकीने दुसऱ्या देशाचे असलेले जमिनीचे तुकडे. पश्चिम बंगालचा कूचबिहार जिल्हा आणि बांगलादेशातील लालमोनिरहाट, पंचगढ, कुडीग्राम व नीलफामारी या जिल्ह्यांच्या सीमाभागात 2015 पर्यंत असे 162 छिटमहल अदलाबदलीच्या यादीत होते.

अठराव्या शतकाच्या आरंभी कूचबिहारचे राजे आणि मोगल यांच्यात तह झाला, तरी एकमेकांच्या मुलखातली गावे ज्याच्या ताब्यात होती त्याच्याकडेच राहिली. कूचबिहारचा राजा आणि मोगलांचा फौजदार (लष्करी अधिकारी) बुद्धिबळात गावे पणाला लावत, ही कथा आजही सांगितली जाते. तिला ऐतिहासिक आधार नाही. शेतसारा कोणाकडे भरायचा, एवढाच तेव्हा फरक होता. 1947 मध्ये मोगलांच्या बाजूचा रंगपूर हा भाग पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात गेला, 1949 मध्ये कूचबिहार संस्थान भारतात आले आणि साऱ्याच्या हद्दी आंतरराष्ट्रीय सीमा झाल्या.

खरा अन्याय 1952 मध्ये पासपोर्ट-व्हिसाची पद्धत आली तेव्हा सुरू झाला. पासपोर्ट काढायला स्वतःच्या देशात जायचे, तर आधी परक्या देशाची हद्द बेकायदा ओलांडावी लागे. जनगणना, मतदान, पोलीस, शाळा, वीज यांतले काहीच छिटमहलांत नीट पोहोचले नाही. मुलाला शाळेत घालण्यासाठी शेजारच्या गावातल्या कोणाला तरी कागदोपत्री बाप करावे लागे. दहाला खागराबारी तर भारताच्या छिटमहलातील बांगलादेशी छिटमहलात असलेला भारतीय तुकडा होता. दोन एकरांहूनही लहान, आणि जगात एकमेव.

उपाय ठाऊक असूनही तो व्हायला दशके गेली. 1958 मध्ये भारताचे पंतप्रधान नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोज खान नून यांच्यातल्या करारात अदलाबदल ठरली होती. मात्र त्याच करारातल्या बेरुबारी या सीमाभागाच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये मत दिले, की भारताचा भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती हवी. याच अदलाबदलीचा 1974 चा इंदिरा गांधी-मुजीबुर रहमान करार बांगलादेशाने त्याच वर्षी संमत केला. भारतात मात्र 'जमीन देऊन टाकली' या आरोपाच्या धास्तीने तो 41 वर्षे रखडला. वस्तुतः जी जमीन सोडायची होती, तिथे भारताचा कारभार नीट चालतच नव्हता.

अखेर शंभराव्या घटनादुरुस्तीनंतर 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री अदलाबदल झाली. भारताचे 111 छिटमहल (सुमारे 17,160 एकर) बांगलादेशाकडे, तर बांगलादेशाचे 51 (सुमारे 7,110 एकर) भारताकडे गेले. 2011 च्या संयुक्त मोजणीत या सर्वांत मिळून 51 हजारांवर लोक होते. नागरिकत्व निवडण्याची मुभा त्यांना होती. बांगलादेशातील भारतीय छिटमहलांतून सुमारे हजार जण भारतात आले. भारतातील बांगलादेशी छिटमहलांतून कोणीही तिकडे गेले नाही. बहुतेकांनी देश बदलला, घर नाही.

दहाग्राम-अंगरपोता हा छिटमहल या अदलाबदलीत नव्हता. तो बांगलादेशाकडेच आहे आणि भारताच्या भूमीवरील, बांगलादेशाला भाडेपट्ट्याने दिलेल्या तीनबिघा मार्गिकेने मुख्य भूमीशी जोडलेला आहे. 1992 मध्ये खुली झालेली ही मार्गिका 2011 पासून चोवीस तास उघडी असते.