डोंगरावरच्या बिअरला इतका फेस का येतो?

डोंगरगावात क्राफ्ट बिअरचा महोत्सव भरला की तंबूत शिरता शिरताच कोणीतरी बजावतं, 'जपून हं, उंचावर दुप्पट चढते!' या चढण्याकडे नंतर येऊ. मला त्याहून रंजक वाटतो तो फेस. चव घेण्यासाठी दिलेल्या छोट्या ग्लासात अर्ध्याहून जास्त फेसच येतो आणि लोक नळावरच्या माणसाला दोष देतात. त्याची चूक असते कधीकधी. पण बऱ्याचदा फेसाचं मूळ हवेत असतं.

द्रवात किती वायू विरघळेल हे त्या वायूच्या दाबावर ठरतं, हा हेन्रीचा १८०३ सालचा नियम शाळेत झालेला असतो. साधारण ४ अंश तापमानाच्या नेहमीच्या बिअरमध्ये जेवढा कार्बन डायऑक्साइड असतो, तेवढा विरघळलेला ठेवायला समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाच्या जवळपास १.८ पट दाब लागतो. आता २५०० मीटरवर हवेचा दाब उरतो सुमारे ०.७४ पट. 'बाहेर दाब कमी, म्हणून गॅस जास्त सुटतो' असं सांगून बहुतेक जण इथेच थांबतात. पण हे अर्धंच उत्तर आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम ०.०४ टक्के. त्यामुळे ग्लास उघडा ठेवला तर बिअर समुद्रकिनारीही गॅस उडून पाणचट होते आणि शिखरावरही. फरक पडतो तो गॅस कुठल्या वाटेनं बाहेर पडतो यात. पृष्ठभागावरून गुपचूप निघून जाणाऱ्या गॅसला उंचीचं फारसं सोयरसुतक नसतं. बुडबुड्याला मात्र असतं, कारण फुगण्यासाठी त्याला भोवतालची सगळी हवा रेटावी लागते.

म्हणजे बुडबुड्याच्या वाट्याला येणारा जोर समुद्रकिनारी १.८ वजा १, म्हणजे ०.८, आणि २५०० मीटरवर १.८ वजा ०.७४, म्हणजे १.०६. बुडबुड्यांतून सुटू शकणारा गॅस एक तृतीयांशानं वाढला. शिवाय कमी दाबात तेवढाच गॅस सुमारे १.३५ पट जागा व्यापतो. दोन्हींचा गुणाकार केला की येतात १.८ पट! हा कागदावरचा, जास्तीत जास्त किती याचा हिशेब झाला, पण अर्धा ग्लास कुठे गेला ते कळायला पुरेसा आहे.

अजून एक गंमत आहे. बुडबुडा शून्यातून जन्म घेत नाही. पृष्ठताण त्याला चहूबाजूंनी आवळत असतो, आणि बुडबुडा जितका लहान तितकी ही आवळ जास्त. एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येच्या बुडबुड्यावर ती जवळजवळ हवेच्या दाबाइतकी भरते. म्हणून त्याला आयती पोकळी लागते: पुसायच्या फडक्याचा ग्लासाला चिकटलेला एखादा धागा, काचेवरचा ओरखडा, त्यात अडकलेली हवा. समुद्रकिनारी साधारण १.१ मायक्रॉनहून लहान पोकळ्या कामाच्या नसतात. २५०० मीटरवर ही मर्यादा उतरते ०.८५ च्या आसपास. किनाऱ्यावर निपचित पडलेल्या कितीतरी जागा वर आल्यावर जाग्या होतात. ग्लास डोळ्यांजवळ धरून बुडबुड्यांची एकच माळ निरखा. ती नेहमी एकाच बिंदूतून निघते, आणि वर जाताना मणी मोठे होतात, त्यांच्यातलं अंतरही वाढतं. वर दाब कमी म्हणून ते फुगतात असं वाटेल, पण दहा सेंटिमीटर बिअरचा दाब हवेच्या जेमतेम एक टक्का. ते वाटेत गॅस गोळा करत जातात म्हणून फुगतात. ग्लास आधी थंड पाण्यानं विसळून घेतला तर धागे निघून जातात, ओरखडे पाण्यानं भरतात आणि फेस आटोक्यात येतो.

केगचं, म्हणजे बिअरच्या दाबबंद पिंपाचं, गणित तर उलटंच चालतं. गॅसच्या नळकांड्यावरचा गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो. खाली १२ पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) नीट चालणारी बिअर वर नेऊन गेजवर तेच १२ ठेवले, तर केगमधला खरा दाब सुमारे ४ पीएसआयनं कमी पडतो. गॅस बिअर सोडून नळीतच सुटतो आणि नळातून येतो नुसता फेस. नवखा माणूस फेस पाहून दाब आणखी उतरवतो, फेस आणखी वाढतो! उपाय आहे दाब वाढवून १६ करण्याचा, आणि वाढलेला वेग आवरायला नळी लांब घेण्याचा. दर दोन हजार फुटांना एक पीएसआय, हा केगवाल्यांचा ठोकताळा इथूनच आला.

तंबूवरच्या फलकांवर 'हिमनदीच्या शुद्ध पाण्याची बिअर' असंही लिहिलेलं असतं. शुद्धतेचं हे कौतुक जाहिरातीपुरतंच. पाण्यातल्या सल्फेटमुळे हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडवटपणा ठसठशीत होतो, क्लोराइडमुळे चव गोलसर लागते. इंग्लंडमधल्या बर्टनच्या पेल एल या बिअरची ख्याती तिथल्या जिप्समयुक्त, म्हणजे सल्फेट भरपूर असलेल्या, पाण्यावर उभी राहिली, तर पिल्सनर या बिअरला चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सेनचं मृदू पाणी मानवलं. आज बऱ्याच ब्रूअरी हवे तसे क्षार मोजून घालतात. डोंगराचा खरा परिणाम उकळण्यावर होतो: २५०० मीटरवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, हॉप्समधली आम्लं कडू रूपात सावकाश बदलतात, म्हणून तिथे हॉप्स जास्त घालावे लागतात किंवा जास्त वेळ उकळावं लागतं.

आता चढण्याबद्दल. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात लोकांना १२,५०० फुटांइतक्या विरळ हवेत दारू देऊन तपासलं. श्वासातलं अल्कोहोल जमिनीवरच्याइतकंच निघालं आणि दारू आणि उंची यांनी एकमेकींचा परिणाम वाढवल्याचंही दिसलं नाही. 'दुप्पट' वाटते त्यात विरळ हवेची डोकेदुखी, कोरड्या हवेत सुकलेला घसा आणि चढणीचा थकवा यांचा वाटा मोठा असतो. म्हणून बिनधास्त प्यावी असं मात्र नाही. ३००० मीटरवर सुमारे लीटरभर बिअर प्यायलेल्यांचा श्वास मंदावतो आणि रक्तातला ऑक्सिजन घटतो, असं १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. उंचीवर पोचल्यावर शरीर श्वास वाढवून जुळवून घेत असतं. बिअर नेमका त्यालाच लगाम घालते. पहिल्या रात्री छोटे ग्लास आणखी छोटे घ्यावेत.