‘कम्फर्टेबली नंब’: दोन आवृत्त्यांच्या भांडणातून जुळलेलं गाणं

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘कम्फर्टेबली नंब’ या गाण्यातला शेवटचा गिटार सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा भाग, ऐकताना तो एका दमात वाजवलाय असंच वाटतं. प्रत्यक्षात तो पाच-सहा वेगवेगळ्या सोलोंमधून वेचून जोडलेला आहे. अख्खं गाणंही तसंच जुळत गेलं. त्यामुळे ते शिकायला घेण्याआधी ते कसं घडलं हे समजून घेतलेलं चांगलं.

शब्दांची सुरुवात 1977 च्या दौऱ्यात झाली. फिलाडेल्फियातल्या कार्यक्रमाआधी बँडचा बेसवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्स याच्या पोटात जबरदस्त कळा येत होत्या. त्याने मंचावर उभं राहावं म्हणून डॉक्टरने इंजेक्शन दिलं. दुखणं थांबलं, पण हातही बधिर झाले आणि त्याच अवस्थेत त्याने कार्यक्रम रेटला. हे गाणं ‘द वॉल’ या अल्बमच्या कथेत बसवताना त्याचं कामचलाऊ नाव ‘द डॉक्टर’ असं होतं.

चाल मात्र वेगळ्या वाटेने आली. बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मर 1978 मध्ये फ्रान्समध्ये आपला पहिला एकल अल्बम करत होता. तो संपता संपता सुचलेली एक चाल त्यात घ्यायची राहून गेली. तिचा डेमो त्याने ‘द वॉल’च्या कामात आणला. गिल्मरच्या आठवणीनुसार गाण्याच्या सुरुवातीची पट्टी ई वरून बी वर आणली गेली आणि वॉटर्सला शीर्षकाची ओळ बसवायची होती म्हणून चालीत थोडी भर घालावी लागली.

कडवं बी मायनरमध्ये आहे: एक माप (बार, म्हणजे चार ठोके) बी मायनर, एक माप ए, मग जी वरून ई मायनरकडे उतरत पुन्हा बी मायनर. धृपद डी मेजरमध्ये उघडतं. कडवी वॉटर्स गातो, धृपद गिल्मर. एक डॉक्टर, एक रुग्ण. एकाचा स्वर जवळचा आणि कोरडा, दुसऱ्याचा लांबून तरंगत येणारा. पट्टी आणि आवाज एकदमच बदलतात, म्हणून धृपद आलं की खोलीची भिंत सरकल्यासारखं वाटतं.

खरं भांडण झालं ते ध्वनीवरून. संगीतकार मायकल केमनने न्यूयॉर्कमध्ये वाद्यवृंदाची साथ रचली होती आणि वॉटर्सला व निर्माता बॉब एझ्रिनला तीच आवृत्ती हवी होती. गिल्मरला हवी होती ती जास्त खरखरीत, गिटारने भरलेली. कोणीच मागे हटेना. शेवटी तडजोड झाली: गाण्याचा बराचसा भाग वाद्यवृंदाचा आणि शेवटचा सोलो गिल्मरच्या खडबडीत आवृत्तीतला. आमच्या मते गाण्याचं बळ या सांध्यात आहे. सव्वासहा मिनिटांत आधी गुंगी आहे आणि मग तिला फाडून बाहेर येणारी गिटार. दोघांपैकी कोणाही एकाचंच ऐकलं असतं तर हे झालं नसतं. अल्बम 30 नोव्हेंबर 1979 ला आला.

सोलो जुळवण्याची रीत गिल्मरने स्वतः सांगितली आहे. आधी पाच-सहा सोलो वाजवून घ्यायचे. मग एकेक ऐकत, मापं मोजत कागदावर तक्ता करायचा: उत्तम जागेला दोन टिक, चांगल्या जागेला एक, टाकाऊ जागेवर फुली. त्यानंतर मिक्सरवर त्या तक्त्याप्रमाणे एका ट्रॅकचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) वर करायचा, दुसऱ्याचा खाली, आणि वाक्यामागून वाक्य जोडत न्यायचं. अडचण सांध्यावर येते. एका टेकमधल्या (एका वेळच्या ध्वनिमुद्रणातल्या) स्वरावरून दुसऱ्या टेकमधल्या स्वरावरची उडी हाताला अशक्य असू शकते. अशा वेळी त्या जागेचा मोह सोडून सांधा दुसरीकडे शोधावा लागतो.

गाण्यात सोलो दोन आहेत. पहिला लहान, धृपदाच्या कॉर्ड्सवर चालणारा. त्यात नवशिके हमखास एका जागी अडकतात. डी मेजर स्केलमध्ये सी शार्प आहे, पण धृपदात सी मेजर कॉर्ड येते आणि तिथे साधा सी लागतो. बोटं सवयीने सी शार्पवर गेली की कानाला टोचतं. दुसरा सोलो बी मायनर पेंटाटॉनिकवर, म्हणजे बी, डी, ई, एफ शार्प, ए या पाच स्वरांवर उभा आहे. गती मिनिटाला साधारण 64 ठोके, म्हणजे एका ठोक्याला जवळजवळ एक सेकंद. एवढ्या संथ लयीत चुकीचा स्वर लपत नाही.

सगळ्यात जास्त बिघडतात ते बेंड, म्हणजे तार खेचून चढवलेले स्वर. तिसऱ्या तारेवर नवव्या फ्रेटला (पडद्याला) ई आहे, तो पूर्ण स्वर खेचून एफ शार्पवर न्यायचा. आधी त्याच तारेवर अकरावी फ्रेट दाबून एफ शार्प ऐका, मग नववीवरून खेचून तिथे पोहोचा. अनामिकेने खेचताना मागे मधलं बोट आणि तर्जनी टेकवा आणि जोर मनगटातून लावा. नुसत्या बोटाच्या जोरावर स्वर थोडा कमी पडतो आणि कंप सुरू केला की आणखी खाली घसरतो. सतारीची मींड ऐकलेल्या कानाला हा फरक लगेच कळेल.

दुसरी चूक आवाजाची. गिल्मरच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरचा सूर बिग मफ या फझ पेडलमधून (आवाज खरखरीत करणाऱ्या, पायाने चालवायच्या उपकरणातून) हायवॉट अँप्लिफायरकडे जायचा. बिग मफ मधल्या पट्ट्यातला आवाज खातो. घरी एकट्याने वाजवताना ते भारदस्त वाटतं, पण बँडमध्ये गिटार बुडते. मग मुलं गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) वाढवतात आणि स्वर आणखी चिखल होतो. गेन कमी करा, अँपवरचा मिडल वाढवा.

‘द वॉल’च्या 1980-81 च्या प्रयोगांत लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, डॉर्टमुंड आणि लंडनमध्ये मंचावर पुठ्ठ्याच्या विटांची उंच भिंत रचली जायची. खाली वॉटर्स कडवं गायचा, मग वर अंधारातून गिल्मर उजळायचा आणि त्याची सावली प्रेक्षकांवर पडायची. तिथे वेचायला पाच टेक नव्हते, त्यामुळे सोलो दर प्रयोगाला बदलत आणि लांबत गेला. 1994 मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टला गाणं नऊ मिनिटांच्या पुढे गेलं.

बँडमधून बाहेर पडलेल्या वॉटर्सने 1990 मध्ये बर्लिनला ते गिल्मरशिवाय केलं. फेब्रुवारी 2007 मध्ये मुंबईतल्या एमएमआरडीए मैदानावरच्या त्याच्या कार्यक्रमाचा शेवटही याच गाण्याने झाला. त्याआधी 2 जुलै 2005 ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये बँडचे चौघे पुन्हा एकत्र आले होते आणि तेव्हाचं शेवटचं गाणं हेच होतं. 2008 मध्ये बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट वारला. मे 2011 मध्ये लंडनच्या ओटू सभागृहात वॉटर्सच्या प्रयोगात गिल्मर पुन्हा एकदा भिंतीवर चढला.

गिल्मरची काळी स्ट्रॅटोकास्टर जून 2019 मध्ये लिलावात 39 लाख 75 हजार डॉलरला गेली. नोव्हेंबर 2022 मध्ये वॉटर्सने गाण्याची नवी आवृत्ती काढली. पट्टी खाली, रंग गडद, आणि गिटार सोलो पूर्ण काढलेला. ती जागा गायिका शनाय जॉन्सनच्या शब्दाविना गायलेल्या आलापाला मिळाली. 1979 मध्ये शेवटच्या ज्या भागावर गिल्मरने पाय रोवले होते, तोच भाग 43 वर्षांनी वॉटर्सने आपल्या मनासारखा केला.