मॅक्रोतली ‘मिसिंग’ लायब्ररी: ही अडचण आली कुठून?

एक्सेलमधला एखादा मॅक्रो, म्हणजे ठरावीक काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, वर्षानुवर्षं बिनतक्रार चालत असतो. एक दिवस तीच फाइल शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर उघडली जाते, बटण दाबलं जातं आणि ‘कंपाइल एरर: कॅन्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी’ असा चौकोन समोर येतो. ओके केलं की व्हीबीए या मॅक्रोभाषेचा एडिटर उघडतो आणि एका ओळीतला एक शब्द रंगवून दाखवतो. बहुतेक वेळा तो ‘लेफ्ट’, ‘ट्रिम’, ‘डेट’ किंवा ‘फॉरमॅट’ असतो, म्हणजे बेसिक भाषेत पहिल्यापासून असलेलं, कोणीही कुठूनही आणून जोडलेलं नसलेलं फंक्शन. मॅक्रो सांभाळणारा माणूस मग त्या ओळीचे कंस मोजतो, स्वल्पविराम तपासतो, ओळ पुसून पुन्हा टाइप करतो. त्या ओळीत काहीच बिघडलेलं नसतं.

बिघाड असतो टूल्स मेनूतल्या ‘रेफरन्सेस’ या खिडकीत. तिथे सर्वांत वर टिक केलेल्या लायब्ऱ्यांची, म्हणजे मॅक्रोला वापरता येणाऱ्या तयार वस्तू-क्रियांच्या संग्रहांची, यादी असते: व्हीबीए, एक्सेल, ओएलई ऑटोमेशन, ऑफिस. त्यांच्या खाली एखाद्या नावाआधी ‘मिसिंग:’ असं छापलेलं दिसतं, समजा ‘मिसिंग: मायक्रोसॉफ्ट आउटलुक १६.० ऑब्जेक्ट लायब्ररी’. लायब्ररीचं नाव न लावलेला कुठलाही शब्द दिसला की कंपायलर, म्हणजे कोड तपासून चालण्याजोगा करणारा भाग, त्याचा अर्थ या यादीत शोधायला जातो. यादीतली एक कडी तुटलेली असली की साध्या ‘लेफ्ट’वरही तो अडून बसतो. त्या शब्दाआधी ‘व्हीबीए’ आणि टिंब लावलं, तर तीच ओळ निमूटपणे पुढे जाते आणि एरर पुढच्या एखाद्या शब्दावर सरकते. म्हणून एरर कुठल्या ओळीवर आली याला इथे फारसा अर्थ नाही. आधी यादी बघायची.

ही यादी मुळात का आहे, हे कळायला तीस-चाळीस वर्षं मागे जावं लागतं. विंडोजवरच्या दोन प्रोग्रॅम्सना एकमेकांशी बोलता यावं म्हणून १९८७ मध्ये डीडीई नावाची सोय आली. त्यात एक प्रोग्रॅम दुसऱ्याला मजकुराच्या स्वरूपात हुकूम पाठवायचा. समोरच्याला काय काय करता येतं, हे पाठवणाऱ्याला आधी समजण्याची सोय नव्हती. एक्सेलची स्वतःची मॅक्रोभाषाही तेव्हा वेगळीच होती. सेलमध्येच सूत्रांसारख्या आज्ञा लिहायच्या आणि त्या एकाखाली एक चालायच्या.

१९९३ मध्ये दोन गोष्टी एकत्र आल्या. ओएलई २ सोबत कॉम ही एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या वस्तू वापरण्याची पद्धत आली आणि त्याच वर्षी एक्सेल ५ मध्ये व्हीबीए आलं. आता प्रत्येक प्रोग्रॅम आपल्याकडच्या वस्तूंची आणि त्यांच्या क्रियांची सविस्तर सूची एका फाइलमध्ये देऊ लागला. ही फाइल म्हणजेच टाइप लायब्ररी. तिच्यामुळे टिंब टाइप केलं की पुढचे पर्याय दाखवता येतात, शुद्धलेखन चुकलं तर आधीच पकडता येतं आणि कामही भराभर होतं. लायब्ररीला टिक करून आधीच बांधून घेण्याच्या या पद्धतीला ‘अर्ली बाइंडिंग’ म्हणतात.

याच वेळी दुसरी वाटही तयार झाली, आणि तिची कथा मला फार महत्त्वाची वाटते. जोएल स्पोल्स्की तेव्हा एक्सेलच्या टीममध्ये प्रोग्रॅम मॅनेजर होते. बेसिक बनवणाऱ्या टीमकडे त्यांनी ज्या मोजक्या गोष्टींचा आग्रह धरला, त्यांत व्हेरिअंट हा कुठलीही किंमत सामावणारा प्रकार होता आणि प्रोग्रॅम चालू असताना ऐनवेळी क्रिया शोधण्याची सोय होती. या दुसऱ्या सोयीसाठीच ‘आयडिस्पॅच’ हा इंटरफेस, म्हणजे जोडणीचा ठरलेला साचा, सुचवला, असं त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. मॅक्रो लिहिणाऱ्या माणसाला प्रकारांच्या शास्त्रात रस नसतो, असा त्यांचा मुद्दा होता. तो अगदी खरा होता. मॅक्रो लिहितात ते अकाउंट्सवाले, स्टोअरवाले, परीक्षा विभागात बसणारे लोक. लायब्ररी न जोडता ‘क्रिएटऑब्जेक्ट’ म्हणून आउटलुकला किंवा वर्डला हाक मारायची, ती आज ज्याला ‘लेट बाइंडिंग’ म्हणतात ती वाट इथून सुरू होते. म्हणजे ‘मिसिंग’ची अडचण आणि तिच्यातून सुटण्याचा मार्ग, दोन्ही एकाच काळात जन्मले.

लायब्ररीची ओळख तिच्या नावावरून किंवा फाइलच्या जागेवरून ठरत नाही. प्रत्येक लायब्ररीला एक लांबलचक ओळखक्रमांक असतो, त्यासोबत आवृत्तीचा आकडा असतो, आणि दोन्ही विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत, ‘टाइपलिब’ या विभागात नोंदवलेले असतात. पडद्यावर ‘एक्सेल १६.०’ दिसतं, पण आतला आवृत्तीचा आकडा १.९ असतो. वर्ड १६.० आतमध्ये ८.७ असतं. ऑफिसची आवृत्ती वाढली की आत टिंबापुढचा आकडा एकेकाने वाढत गेला.

ठरलेला नियम असा की नवी लायब्ररी जुनीचं सगळं काम करेल. म्हणून ऑफिस २०१० मध्ये वर्ड १४.० ला टिक करून बनवलेली फाइल ऑफिस २०१६ मध्ये उघडली की ते रेफरन्स आपोआप १६.० वर जातं. काही विचारलं जात नाही, सूचनाही येत नाही. फाइल सेव्ह झाली की नवा आकडा तिच्यात कायम होतो. तीच फाइल परत २०१० वाल्या मशीनवर गेली की मात्र १६.० तिथे नसते, आणि खाली उतरून १४.० घ्यायची सोय मूळ नियमातच नाही. वर चढायला जिना, उतरायला काही नाही. ज्या कार्यालयात निरनिराळ्या सालांत घेतलेले कॉम्प्युटर एकाच शेअर्ड फोल्डरवर काम करतात, तिथे हा खेळ रोज होतो. नवं मशीन असलेला माणूस फक्त फाइल उघडतो आणि सेव्ह करतो, कोडला हातही लावत नाही, आणि बाकीच्यांचा मॅक्रो बंद पडतो. त्यात त्याचा काही दोष नसतो, तरी बोलणी त्यालाच बसतात.

ऑफिस ९७ ची लायब्ररी ८.०, २००० ची ९.०, एक्सपीची १०.०, २००३ ची ११.०, २००७ ची १२.०. तेरा आकडा मायक्रोसॉफ्टने गाळला, म्हणून २०१० ची थेट १४.० आणि २०१३ ची १५.०. २०१६ पासून मात्र आकडा १६ वरच थांबला आहे. २०१९, २०२१, मायक्रोसॉफ्ट ३६५, सगळे १६.०. त्यामुळे ‘मिसिंग’ चा त्रास खूप कमी झाला, पण त्याची जागा दुसऱ्या अडचणीने घेतली. आकडा तोच, पण आतला माल वेगळा. ३६५ मध्ये लिहिलेला ‘फॉर्म्युला२’ हा गुणधर्म एक्सेल २०१६ च्या रेंजला माहीतच नाही. रेफरन्सेसची यादी स्वच्छ दिसते आणि तरीही मॅक्रो अडतो. माझ्या मते हे जुन्या ‘मिसिंग’पेक्षा वाईट, कारण तिथे निदान बोट दाखवायला एक ओळ तरी होती.

काही वेळा लायब्ररी खरोखरच काढून टाकली गेली. फॉर्मवर तारीख निवडायचं छोटं कॅलेंडर अनेकांनी ‘एमएसकॅल’ या कंट्रोलने बसवलं होतं. ऑफिस २०१० सोबत ते यायचं बंद झालं. ऑफिसच्या अॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये डीएओ आणि एडीओ या दोन डेटा-लायब्ऱ्यांचा गोंधळ वेगळाच. अॅक्सेस २००० ने नव्या फाइलला एडीओ आपोआप जोडलं आणि डीएओ सोडून दिलं. दोन्हींत ‘रेकॉर्डसेट’ नावाची वस्तू आहे. यादीत जी लायब्ररी वर, तिचा रेकॉर्डसेट घेतला जातो. म्हणून ‘डीएओ.रेकॉर्डसेट’ असं पूर्ण नाव लिहायची सवय जुन्या अॅक्सेसवाल्यांना लागली, आणि ती चांगलीच सवय आहे.

सुरक्षेच्या अपडेट्सनीही हेच घडवलं. एप्रिल २०१२ मध्ये एमएस१२-०२७ या अपडेटने ‘एमएसकॉमसीटीएल’ ही फाइल बदलली. फॉर्मवर याद्या दाखवणारे ट्रीव्ह्यू आणि लिस्टव्ह्यू हे कंट्रोल तिच्यातच असतात. त्यातली सुरक्षेची फट खरोखर धोकादायक होती, अपडेट आवश्यकच होतं, पण ते बसल्यावर अनेक ठिकाणचे फॉर्म उघडेनात. फाइल नव्याने रजिस्टर करावी लागली. डिसेंबर २०१४ च्या अपडेटनंतर शीटवरची बटणं दाबली जाईनात. तिथे उपाय होता टेंप फोल्डरमधल्या ‘ईएक्सडी’ फाइल पुसण्याचा, कारण कंट्रोलची जुनी सूची तिथे साठून राहिलेली असायची.

एडीओचं प्रकरण या सगळ्यांत अधिक शिकवणारं आहे. ६४-बिट व्हीबीएमध्ये एडीओच्या काही क्रिया चुकीच्या प्रकारामुळे अडत होत्या. २०११ मध्ये विंडोज ७ च्या सर्व्हिस पॅक १ ने ते दुरुस्त केलं, पण दुरुस्ती करताना इंटरफेसचे ओळखक्रमांकच बदलले. परिणाम असा की सर्व्हिस पॅक असलेल्या मशीनवर कंपाइल केलेला प्रोग्रॅम जुन्या विंडोजवर चालेना. नाव तेच, काम तेच, फक्त ओळख वेगळी. मायक्रोसॉफ्टला २०१२ मध्ये जुनी ओळख परत आणणारी दुरुस्ती द्यावी लागली.

पॉवरशेल किंवा पायथनमधून ऑफिस चालवणाऱ्यांना रेफरन्सेसची खिडकी नसते, तरी रजिस्ट्री तीच असते. ऑफिस २०१३ काढून पुन्हा २०१० बसवलं आणि २०१३ च्या एक्सेलची १.८ ही नोंद मागे राहिली, तर विंडोज त्या मेलेल्या पत्त्यावर जाऊन ‘एरर लोडिंग टाइप लायब्ररी’ म्हणत परत येतं. अशा वेळी ऑफिस पुन्हा बसवूनही काही होत नाही. ती शिळी नोंद शोधून काढावी लागते.

लेट बाइंडिंग किती चिवट असतं याचा सर्वांत मोठा पुरावा एका व्हायरसने दिला. मार्च १९९९ मध्ये पसरलेला मेलिसा हा वर्डचा मॅक्रो होता. आउटलुकला तो ‘क्रिएटऑब्जेक्ट’ने हाक मारायचा, त्यामुळे समोरच्या मशीनवर आउटलुकची लायब्ररी टिक केलेली आहे का, हा प्रश्न त्याला पडतच नव्हता. नंतरच्या काळात ऑफिसने मॅक्रोंवर निर्बंध घट्ट केले. कोडमधून रेफरन्स तपासायचं किंवा बदलायचं असेल तर ‘ट्रस्ट सेंटर’मध्ये व्हीबीए प्रोजेक्टला प्रवेश द्यावा लागतो तो त्याच सावधगिरीतून. रेफरन्स आपोआप दुरुस्त करणारा कोड लिहावा असं अनेकांना वाटतं. पण ही परवानगी सगळ्यांच्या मशीनवर उघडी ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

लेट बाइंडिंगलाही किंमत मोजावी लागते. लायब्ररीची टिक काढली की तिच्यातली स्थिरांकांची, म्हणजे ठरलेल्या आकड्यांना दिलेली, नावंही जातात. वर्डची फाइल पीडीएफमध्ये सेव्ह करायला ‘डब्ल्यूडीफॉरमॅटपीडीएफ’ लिहितात, त्याची किंमत १७. टिक काढल्यावर आणि वर ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ ही प्रत्येक नाव आधी जाहीर करायला लावणारी ओळ नसल्यास व्हीबीए त्या नावाला नवं रिकामं व्हेरिएबल समजतं, म्हणजे शून्य. शून्य हा वर्डच्या जुन्या डॉक फॉरमॅटचा आकडा. फाइलच्या नावात पीडीएफ असतं, आत डॉक असतं, एरर कुठेच येत नाही आणि ज्याला मेल गेली तो फोन करून सांगतो की फाइल उघडत नाही. आउटलुकमध्ये मात्र नव्या मेलचा आकडाच शून्य असल्यामुळे तीच चूक खपून जाते. म्हणून टिक काढण्याआधी ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ लिहायचं, मग कंपाइल करून जी जी नावं अडतील त्यांच्या जागी स्वतःचे स्थिरांक द्यायचे. लिहिताना टिक ठेवावी, वाटताना काढावी, ही रीत मला सर्वांत व्यवहारी वाटते. टिक ठेवूनच वाटायचं असेल, तर फाइल शेवटची सेव्ह कार्यालयातल्या सर्वांत जुन्या ऑफिसवर करावी.

हा इतिहास अजून संपलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीबीस्क्रिप्ट (विंडोजसोबत येणारी जुनी स्क्रिप्टभाषा) विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढणार असल्याचं जाहीर केलं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ते चालू आहे, पण ऐच्छिक घटक म्हणून. पुढे, २०२७ च्या सुमारास, ते मुळात बंद ठेवायचं आणि नंतर पूर्ण काढायचं असा बेत आहे. एक्सेलच्या मॅक्रोला याच्याशी काय देणंघेणं, असं वाटेल. पण पॅन नंबर, पिनकोड किंवा मोबाइल नंबर तपासायला असंख्य फाइलींत ‘मायक्रोसॉफ्ट व्हीबीस्क्रिप्ट रेग्युलर एक्स्प्रेशन्स ५.५’ ला टिक केलेली असते, आणि ती लायब्ररी व्हीबीस्क्रिप्टच्याच डीएलएल फाइलमध्ये आहे. इथे लेट बाइंडिंगही वाचवणार नाही, कारण मागे वस्तूच उरणार नाही. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या ऑफिसमध्ये मजकुराचा साचा तपासणारा हाच रेगएक्स्प वर्ग थेट व्हीबीएमध्येच घातला, त्यामुळे नव्या आवृत्तीत तो बाहेरचा रेफरन्स लागत नाही. जुन्या ऑफिसवाल्यांना तो अजून लागतो. ‘स्क्रिप्टिंग रनटाइम’ ही डिक्शनरी आणि फाइलसिस्टिमऑब्जेक्ट देणारी लायब्ररी वेगळ्या डीएलएलमध्ये आहे, दोन्हींची गल्लत करू नये. आणि मेल पाठवणारे मॅक्रो असतील तर तो कॉम्प्युटर ‘नवं आउटलुक’ वापरतो का हे बघून ठेवावं. त्यात कॉमची वाट मुळात नाहीच. तिथे जुनं, क्लासिक आउटलुक बसवलेलं असेल तरच ‘क्रिएटऑब्जेक्ट’च्या हाकेला ओ मिळेल.