स्मार्ट मीटर वेगळा, स्मार्ट गिझर वेगळा

सोसायटीत नवे मीटर बसले त्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. "अरे, आता म्हणे एमएसईबीवाले तिकडूनच आपला गिझर बंद करणार?" एमएसईबीची महावितरण होऊन वीस वर्षं झाली, पण काकूंसाठी ती एमएसईबीच. संध्याकाळी त्यांच्या मुलाचा नेमका उलटा प्रश्न आला. त्याने मोबाइलवरून चालणारा गिझर घेतलाय. मग वीज स्वस्त असेल तेव्हा तो आपणहून तापेल ना?

दोघांनाही मी एकच उत्तर दिलं, नाही. पण दोन्ही 'नाही'ची कारणं वेगळी आहेत. 'स्मार्ट' हा एकच शब्द दोन्ही डब्यांवर छापल्यामुळे सगळा घोळ झालाय.

आधी मीटरचं बघू. तो वीज मोजतो आणि मोजलेलं कळवतो. कळवायला त्याच्याकडे स्वतःचा रस्ता असतो, आपल्या वाय-फायशी त्याचा संबंध नाही. कुठे मीटरमध्येच मोबाइलसारखं सिम असतं. कुठे ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा रेडिओ असतो आणि मीटर एकमेकांच्या हातात निरोप देत तो खांबावरच्या पेटीपर्यंत पोचवतात, लग्नाच्या पंगतीत पाण्याचा जग पुढे सरकवावा तसा. तिसरा प्रकार म्हणजे विजेच्या तारेतूनच संदेश पाठवण्याचा. वेग यातल्या कशालाच फारसा लागत नाही. दर अर्ध्या तासाचे, काही ठिकाणी पंधरा मिनिटांचे, चार आकडे पाठवायचे असतात, सिनेमा नाही. महत्त्वाचं हे की मीटर तळमजल्यावर लोखंडी पेटीत, जिन्याखाली, सिमेंटच्या चार भिंतींत असतो. तिथून आवाज बाहेर पडला पाहिजे. कमी फ्रिक्वेन्सीचा रेडिओ भिंतीतून जास्त चांगला जातो, म्हणूनही घरातल्या २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर हे काम सहसा कोणी सोपवत नाही.

आता गिझर. मीटरला आख्ख्या घराची एकूण वीज दिसते, गिझर दिसत नाही. काकूंचा गिझर २००० वॅटचा आहे. सहा ते साडेसहा चालू राहिला तर बरोबर एक युनिट जळतं. सकाळच्या त्या अर्ध्या तासात आकडा एकदम एकने उडी मारतो. आकड्यांकडे बघणारा माणूस म्हणेल, इथे कोणीतरी आंघोळीला उठतंय. म्हणजे अंदाज येतो, आणि खासगीपणाची चिंता करायची तर ती या अंदाजाची करावी. पण अंदाज येणं वेगळं आणि बटण हातात असणं वेगळं. मीटरच्या पोटात लांबून चालणारा एक स्विच असतो खरा, पण तो आख्ख्या घराचा. बंद केला तर गिझरबरोबर पंखा, फ्रीज, काकूंची मालिका, सगळंच जाणार. फक्त गिझर तोडायचा तर गिझरची वायर वेगळी येऊन त्या स्विचला लागायला हवी, आणि आपल्या घरांत ती तशी नसते.

न्यूझीलंडमध्ये ती तशी असते. तिथे १९५० च्या दशकापासून घरोघरच्या पाणी तापवण्याच्या टाक्या वीज कंपनी लांबून बंद-चालू करत आली आहे, इंटरनेटचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी. टाकीचं सर्किट स्वतंत्र, मीटरच्या बोर्डावर एक रिले, म्हणजे संकेतावर चालणारा स्विच, आणि विजेच्या तारेतूनच सोडलेला ठरावीक सुराचा संकेत. तो सूर ऐकला की रिले पडतो. संदेश एकाच बाजूने जातो, टाकी उलट उत्तर देत नाही. ब्रिटनमध्ये तर हेच काम बीबीसीच्या रेडिओ ४ च्या १९८ किलोहर्ट्झच्या लाँगवेव्हवर चालायचं. बातम्या आणि क्रिकेटचं समालोचन ऐकवणाऱ्या लहरींवरच, कानाला ऐकू न येता, रात्रीच्या स्वस्त विजेचे हीटर चालू करण्याचा हुकूम जायचा. काकूंची भीती इतकी जुनी आहे. फक्त तिथल्या ग्राहकांनी ती स्वस्त दराच्या बदल्यात स्वतःहून घेतलेली होती.

मुलाचा गिझर दुसऱ्याच वाटेने जातो. गिझर घरातल्या राउटरशी बोलतो, राउटर इंटरनेटशी, इंटरनेट गिझर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरशी, आणि तिथून निरोप मोबाइलवर येतो. बाथरूमच्या दारात उभं राहून अ‍ॅपमधलं बटण दाबलं तरी बऱ्याच गिझरांत हुकूम आधी कुठल्यातरी परगावच्या, कदाचित परदेशच्या सर्व्हरवर जाऊन मग चार फुटांवरच्या गिझरकडे येतो. मुंबईच्या पाहुण्याला पुण्यात पत्ता विचारायला दिल्लीला फोन करायला लावावा, त्यातला प्रकार. या साखळीत वीज कंपनी कुठेच नाही. या क्षणी विजेचा दर काय आहे हे गिझरला कोणी सांगितलेलंच नाही, तर तो आपणहून कसा तापणार?

ही साखळी वीज कंपनीला जोडता येते, आणि अमेरिकेत ती जोडलेली आहे. कॅलिफोर्नियात २०००-०१ मध्ये विजेचं मोठं संकट आलं. त्यानंतर लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत एका सामाईक भाषेवर काम सुरू झालं. वीज कंपनीचा संगणक इमारतींना आणि उपकरण कंपन्यांच्या सर्व्हरना 'आता ताण आहे, कमी करा' असं त्या भाषेत सांगू शकतो. तिचं नाव ओपन-एडीआर. इथे निरोप मीटरला बाजूला ठेवून ग्राहकाच्याच इंटरनेटवरून घरात येतो. त्याचे परिणामही दिसले. ऑगस्ट २०२२ च्या उकाड्यात कोलोरॅडोत सुमारे २२,००० घरांतल्या लोकांना आपल्या एसीचा थर्मोस्टॅट हलवता येईना, कारण वीज कंपनीने तो लांबून अडकवून ठेवला होता. या लोकांनी सवलतीसाठी योजनेत नाव नोंदवलेलं होतं, करारात तसं लिहिलेलंही होतं. पण करार वाचतो कोण? काकूंची भीती खरी झाली ती मीटरमुळे नाही, तर मुलाने हौसेने घेतलेल्या वस्तूसारख्या वस्तूमुळे.

दोन्ही वाटा अलग ठेवून त्यांना जोडणारं दार ठेवायची कल्पना मला जपानची सगळ्यात आवडते. तिथे मीटरला दोन वाटा असतात. 'ए' वाट मीटरकडून वीज कंपनीकडे जाते. 'बी' वाट मीटरकडून घरातल्या ऊर्जा-नियंत्रकाकडे येते, ९२० मेगाहर्ट्झच्या रेडिओवरून. 'बी' वाट हवी असेल तर ग्राहक कंपनीकडे अर्ज करतो आणि त्याला आयडी आणि पासवर्ड मिळतो. मग घर स्वतःच्या मीटरचे ताजे आकडे थेट वाचतं आणि गिझर कधी तापवायचा ते घरातच ठरतं. ब्रिटनच्या मीटरमध्येही असंच घराकडे तोंड करून एक छोटं रेडिओजाळं असतं, पण त्यावर बहुतेक घरांत फक्त स्वयंपाकघरातला छोटा पडदा चालतो. आमच्या मीटरला घराच्या बाजूने काही जोडायची सोय नाही. आहे तो डिस्प्ले, त्यावर आकडे फिरत राहतात, आणि वीज जळेल तसा लुकलुकणारा लाल दिवा.

दोन वाटांमधला फरक कळायची सोपी वेळ म्हणजे लाईट जाते ती. लाईट गेली की राउटर गेला, आणि त्याच्याबरोबर स्मार्ट गिझर, स्मार्ट प्लग, सगळं मुकं झालं. मीटर मात्र आपल्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर 'इथली लाईट गेली' एवढा शेवटचा निरोप पाठवू शकतो, तशी सोय त्यात असेल तर. लाईट परत येते तेव्हाची गंमत आणखी वेगळी. हजार घरांतले गिझर एकाच क्षणी चालू झाले तर नुकता सावरलेला ट्रान्सफॉर्मर पुन्हा बसेल. म्हणून असा हुकूम एकदम सगळ्यांना देत नाहीत. ब्रिटनने तर २०२२ पासून गाड्यांच्या घरगुती चार्जरना नियमच घातला. प्रत्येकाने आपल्या मनाने काहीतरी, दहा मिनिटांपर्यंत, उशीर करायचा. सगळ्यांनी एकदम आज्ञा पाळू नये म्हणून केलेला हा सरकारी नियम.

टिकाऊपणात माझा कल मीटरच्या वाटेकडे आहे, सोयीत वाय-फायकडे. मीटरचं जाळं वर्षानुवर्षं चालायचं म्हणून उभारलेलं असतं. वाय-फायचं तसं नाही. मागच्या वर्षी मी राउटर बदलला. नव्या राउटरने वाय-फायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही लहरी एकाच नावाखाली घेतल्या, आणि जुना स्मार्ट प्लग त्यानंतर जोडलाच गेला नाही. सध्या तो साधा प्लग म्हणून गुण्यागोविंदाने राहतोय. उपकरण कंपनीने उद्या सर्व्हर बंद केला तरी हेच होईल. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणं घरातल्या घरात एकमेकांशी बोलावीत म्हणून आलेल्या 'मॅटर' या मानकाने २०२४ मध्ये आधी ऊर्जेचा हिशेब आणि मग गिझर सामावून घेतले. त्यामुळे परगावच्या सर्व्हरची फेरी वाचू शकते. दर सांगणारा मात्र तरीही बाहेरूनच यायला हवा.

तो दर आपल्याकडे आता वेळेप्रमाणे बदलायला लागलाय, आणि इथे मीटर खरोखर उपयोगी पडतो, कारण तो युनिट कधी जळलं तेही लिहून ठेवतो. केंद्राच्या २०२३ च्या नियमाने दिवसा, सौर वीज असते तेव्हा, दर कमी ठेवायला सांगितलं. महावितरणने जुलै २०२५ पासून असे मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर केली. मीटरचं काम तेवढंच, वेळ लिहिणं. बटण आपल्याच हातात.

हे सगळं मी काकूंना सांगितलं, बहुतेक जरा जास्तच. त्या म्हणाल्या, आंघोळ सहाची ती सहालाच होणार, ऐंशी पैशांसाठी देव थांबायचे नाहीत. पण कपडे त्या पूर्वी सातला लावायच्या, ते आता सव्वानऊला लावतात. मशीनवर उशिरा चालू करायचं एक बटण आहे, तीन तास वगैरे. कधी बाहेर जायचं असलं की ते दाबून जातात. त्या मशीनला ना सिम आहे, ना वाय-फाय.