काउंटीचा सीडीबीजी निधी: कोणाला मिळतो, कागद कोणते लागतात आणि तयारी कधी सुरू करायची

अमेरिकेत काउंटीने केलेले फुटपाथ, सांडपाण्याच्या लाइन, ज्येष्ठांची केंद्रे, अन्नवाटप यांतल्या पुष्कळ कामांना सीडीबीजी म्हणजे कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँटचा पैसा लागलेला असतो. १९७४ च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना केंद्राचे गृहनिर्माण खाते, म्हणजे हड, चालवते. साधारण २ लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या काउंटीला हा निधी दरवर्षी थेट मिळतो आणि तो कुठे खर्च करायचा हे काउंटी ठरवते. आपली मराठी मंडळे, ज्येष्ठांचे गट आणि अन्नवाटप करणाऱ्या स्वयंसेवी संस्थाही त्यासाठी अर्ज करू शकतात. अडचण एवढीच, की आपण अर्जाची जाहिरात आल्यावर जागे होतो.

खरे प्राधान्यक्रम त्याआधीच लिहून झालेले असतात. काउंटी ३ ते ५ वर्षांचा आराखडा करते, त्याला कन्सॉलिडेटेड प्लॅन म्हणतात. त्यातून दरवर्षीचा ॲक्शन प्लॅन निघतो. वर्षातून किमान दोन जाहीर सुनावण्या घ्याव्याच लागतात, त्यातली एक मसुदा प्रसिद्ध होण्याआधी. मसुद्यावर मत द्यायला ३० दिवस मिळतात. मी पहिल्यांदा सुनावणीला गेले तेव्हा सभागृहात मोजून अकरा माणसे होती, त्यांतली निम्मी काउंटीचीच. दाराशी कागदावर नाव लिहिले, माइकसमोर तीन मिनिटे मिळाली. आमच्या आजी-आजोबांना डॉक्टरकडे न्यायला कोणी नसते, एवढेच बोलले. पुढच्या मसुद्यात ज्येष्ठांची ने-आण हा मुद्दा आला. तेव्हापासून सुनावणीची तारीख मी कधी चुकवलेली नाही.

आता पात्रता. निधीचा किमान ७० टक्के भाग कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडला पाहिजे. त्या भागातल्या मधल्या (मीडियन) उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत कमाई असलेले कुटुंब या गटात येते. एखाद्या वस्तीसाठी रस्ता किंवा बाग करायची तर तिथले साधारण ५१ टक्के रहिवासी असे असावे लागतात. ज्येष्ठ, बेघर, गंभीर अपंगत्व असलेले प्रौढ यांना मात्र नियमच या गटात धरतो. त्यामुळे फक्त ज्येष्ठांसाठीच चालणाऱ्या उपक्रमात त्यांच्याकडून पगाराच्या पावत्या मागाव्या लागत नाहीत. आमच्या एका आजोबांनी उत्पन्नाचा रकाना पाहून फॉर्मच बाजूला सारला होता. वयाचा पुरावा पुरतो असे सांगितल्यावर त्यांनी लगेच सही केली.

सेवांसाठीचा हिस्सा लहान असतो, हे आधीच समजून घ्या. लोकसेवांवर १५ टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही, नियोजन आणि प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त नाही. काउंटीला २० लाख डॉलर मिळाले तर सगळ्या संस्थांच्या सेवांना मिळून फार तर ३ लाख. शिवाय सेवा नवी असावी किंवा आधीच्या १२ महिन्यांत राज्य वा स्थानिक सरकारच्या पैशातून चाललेल्या सेवेपेक्षा मोजता येईल इतकी वाढलेली असावी. त्या सरकारी पैशाच्या जागी आहे तेच चालू ठेवायला पैसे द्या, असा अर्ज इथेच अडतो. धार्मिक संस्थाही पात्र आहेत, पण पूजा किंवा प्रवचनाला हा पैसा चालत नाही. तो कार्यक्रम वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या जागी ठेवावा लागतो.

कागद बहुधा हे लागतात: ५०१(सी)(३) म्हणजे करमाफ धर्मादाय संस्थेच्या दर्जाचे आयआरएसचे (केंद्राच्या कर खात्याचे) पत्र, संस्थेची नोंदणी आणि घटना, विश्वस्तांची यादी, अर्जाला मंजुरी देणारा ठराव, अलीकडचे फॉर्म ९९० (संस्थेचे वार्षिक कर-विवरण), अंदाजपत्रक, विम्याचा दाखला. सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरून १२ अक्षर-अंकांचा यूईआय, म्हणजे संस्थेचा ओळख क्रमांकही घ्या. तो फुकट मिळतो, पैसे मागणाऱ्या मध्यस्थांच्या नादी लागू नका. तपासणीला वेळ लागतो, म्हणून हे काम सर्वांत आधी उरका.

मंजुरीचे पत्र आले म्हणून लगेच खर्च सुरू करू नका. करार आणि पर्यावरण तपासणी पूर्ण होण्याआधी बांधकामाला हात लावला तर त्या कामाचा निधीच जाऊ शकतो. बहुतेक काउंट्या झालेला खर्च मागाहून भरून देतात, त्यामुळे दोन-तीन महिन्यांचे पैसे हाताशी हवेत. एका संस्थेला हे ठाऊक नव्हते आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा पगार थकला. ते मला अजून बोचते.

पुष्कळ काउंट्यांचे योजना-वर्ष १ जुलैला सुरू होते आणि अर्ज आदल्या हिवाळ्यात मागवतात. काउंटीच्या कम्युनिटी डेव्हलपमेंट विभागाला आजच ईमेल करा: पुढची सुनावणी कधी, आणि तुमच्या कळवण्याच्या यादीत आमचे नाव घालाल का?