द ट्वेल्व्ह-थर्टी फ्रॉम क्रॉयडन

फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स (१८७९–१९५७) या आयरिश लेखकाची इंग्रजी रहस्यकादंबरी. दोन महायुद्धांमधला काळ इंग्रजी रहस्यकथेचे सुवर्णयुग मानला जातो. ही कादंबरी त्याच काळातली, १९३४ सालची. अमेरिकेत ती ‘विलफुल अँड प्रीमेडिटेटेड’ या नावाने निघाली.

लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून दुपारी साडेबाराला पॅरिसचे विमान सुटते. त्यात अँड्र्यू क्रौदर हा निवृत्त, गडगंज कारखानदार आहे. सोबत जावई, छोटी नात रोझ आणि एक सेवक. रोझचा हा पहिलाच विमानप्रवास, आणि पहिले प्रकरण तिच्याच नजरेतून येते. विमान फ्रान्समध्ये बोव्हे येथे उतरते, तेव्हा झोपलेले वाटणारे आजोबा मेलेले असतात.

पुढच्याच प्रकरणात कथा काही आठवडे मागे जाते आणि खुनी कोण ते वाचकाला कळते: क्रौदरचा भाचा चार्ल्स स्विनबर्न. खुनी आधी दाखवायचा आणि तो सापडतो कसा ते नंतर सांगायचे, ही उलटी मांडणी इंग्रज रहस्यकथाकार ऑस्टिन फ्रीमनने १९१२ मध्येच रूढ केली होती. क्रॉफ्ट्सने मात्र जवळजवळ सगळी कादंबरी खुन्याच्या डोक्यात शिरून लिहिली.

कादंबरीचे खरे बळ तिच्यातल्या हिशेबात आहे. मामाने उभा केलेला विजेच्या मोटारींचा कारखाना आता चार्ल्स चालवतो. जागतिक मंदीत ऑर्डरी आटल्या आहेत, पगार भागवायचे आहेत आणि बँक हात आखडता घेते. मामाच्या मते मंदी ही निव्वळ सबब, भाचा आळशी. मृत्युपत्रातला वाटा मात्र ठरलेला. त्यातच चार्ल्सला ऊना मेलरशी लग्न करायचे आहे, आणि तिला गरिबाचा संसार नको. मग चार्ल्स स्वतःशी मांडणी करतो: एकीकडे आजारी म्हातारा, दुसरीकडे कारखान्यातल्या माणसांची पोटे. सभ्य माणूस खुनापर्यंत कसा पोचतो, हे इतक्या शांतपणे दाखवणारी पाने त्या काळच्या रहस्यकथेत फार थोडी आहेत.

युक्तीही हिशेबीच. मामा जेवणानंतर अपचनाच्या गोळ्या घेतो. गांधीलमाश्या मारण्याच्या निमित्ताने चार्ल्स पोटॅशियम सायनाइड मिळवतो, त्याची तशीच दिसणारी गोळी करतो आणि जेवणाच्या टेबलावर बाटलीच बदलतो. विषारी गोळी बाटलीत खाली असल्याने ती पोटात जाईल तेव्हा आपण दूर असू, हा त्याचा आडाखा. पण बाटली बदलताना कोणीतरी पाहिलेले असते; त्यातून ब्लॅकमेल आणि दुसरा खून घडतो. क्रॉफ्ट्सचा नेहमीचा पोलिस तपासनीस इन्स्पेक्टर फ्रेंच उशिरा येतो आणि आपला तपास शेवटच्या प्रकरणांत उलगडून सांगतो. ही उजळणी लांबली आहे. त्याआधीचे खटल्याचे वर्णन जास्त पकड घेते.

क्रॉफ्ट्स हा पेशाने रेल्वे इंजिनिअर. वेळापत्रके, अंतरे, यंत्रे यांत त्याचे मन रमे, आणि इथे त्याने नव्या विमानप्रवासाला हात घातला. क्रॉयडनचा मुंबईशीही संबंध होता: १९२९ पासून इंपिरियल एअरवेज या ब्रिटिश विमानकंपनीची हिंदुस्थानची टपाल तिथूनच निघे, आणि ऑक्टोबर १९३२ पासून जे. आर. डी. टाटांची विमानसेवा ती कराचीहून जुहूला आणू लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर वाचकांची आवड बदलली. समीक्षक ज्यूलियन सिमन्सने क्रॉफ्ट्ससारख्या लेखकांना ‘हमड्रम’, म्हणजे रटाळ, गटात बसवले. या कादंबरीवर तो शिक्का अन्यायाचा आहे. संथपणा इथे भीती वाढवतो. ब्रिटिश लायब्ररीने जुन्या रहस्यकथांची मालिका सुरू केली आणि २०१४ मध्ये तिच्यातल्या एका नाताळकथेचा मोठा खप झाला. मार्टिन एडवर्ड्स सल्लागार असलेल्या याच मालिकेत २०१६ मध्ये ही कादंबरी पुन्हा छापली गेली. क्रॉफ्ट्सची ‘अँटिडोट टू व्हेनम’ (१९३८) तिच्या आधीच, २०१५ मध्ये, परत आली होती. तिथेही अर्धी कथा गुन्हेगाराच्याच बाजूने चालते.